शेजारी स्फोट झाल्यावर इमारतीची पाहणी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका यंत्रमाग कारखान्याशेजारच्या डाइंग हाउसमध्ये बॉयलरचा स्फोट झाला. मध्ये सुमारे ४० मीटरचे मोकळे अंतर आहे. कारखान्याची मागशेड पत्र्याच्या छताची असून तिला लागून आरसीसी सांगाड्याची दुमजली इमारत आहे आणि वरच्या मजल्यावर मालकांचे कुटुंब राहते. स्फोटाकडील बाजूच्या बहुतेक काचा फुटल्या, एक शटर आत दबले, शेडचे काही पत्रे उडाले आणि भिंतींना तडे दिसू लागले. विमा कंपनीचा सर्वेक्षक म्हणतो की तडे जुने आहेत. नेहमीचा ठेकेदार म्हणतो की इमारत पाडून नव्याने बांधा. इमारत राहण्याजोगी आहे की नाही, आणि हे नेमके कसे ठरवतात?

सर्वेक्षक आणि ठेकेदार यांची मते परस्परविरोधी दिसत असली तरी दोघेही एकाच गोष्टीकडे पाहत आहेत, ती म्हणजे तडे. स्फोटानंतरच्या पाहणीत तडा हा सर्वांत सहज दिसणारा आणि सर्वांत फसवा पुरावा असतो. पाहणीचा क्रम वेगळा ठेवावा लागतो: काय मोडले आणि त्याच्या शेजारी काय मोडले नाही हे आधी नोंदवायचे, त्यावरून इमारतीवर किती दाब आला असावा याची मर्यादा काढायची, तो दाब भार वाहणाऱ्या भागांना इजा करण्याइतका होता का हे पाहायचे, मग ते भाग प्रत्यक्ष तपासायचे, आणि शेवटी तड्यांकडे वळायचे. हा क्रम उलटा केला की जुने तडे नव्या स्फोटाच्या नावावर चढतात आणि खरी इजा प्लास्टरखाली राहून जाते.

सर्वप्रथम एक विनंती. साफसफाई झाली नसेल तर ती थांबवा. अग्निशमन दल आणि पोलीस यांनी आत जाण्यास हरकत नाही असे सांगितल्यावर, वीज आणि गॅस बंद असल्याची खात्री करून, प्रत्येक खोलीची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या. काचांचे तुकडे आत पडले की बाहेर, किती अंतरावर पडले, तुकडे बारीक आहेत की लांबट, दाराच्या कड्या वाकल्या की बिजागऱ्या उपटल्या, हे सगळे केरसुणी फिरली की कायमचे जाते. शेडवरचे सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्यांचे तुकडे कोरडे झाडू नयेत, पाणी मारून उचलावेत. खिडकीच्या चौकटीत अडकून राहिलेल्या काचा आणि अर्धवट सुटलेले पत्रे हा पहिल्या दोन दिवसांतला सर्वांत मोठा धोका असतो. इमारत कोसळण्याच्या भीतीपोटी लोक याकडे दुर्लक्ष करतात.

आता स्फोटाचा दाब कसा काम करतो ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. स्फोटातून निघालेली लाट एखाद्या ठिकाणी पोहोचते तेव्हा तेथील हवेचा दाब जवळपास तत्क्षणी वाढतो, नंतर तो वेगाने उतरतो आणि काही काळ नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो. म्हणजे भिंतीला आधी ढकलले जाते आणि लगेच मागे ओढले जाते. ओढ धक्क्यापेक्षा कमी असली तरी ती जास्त वेळ टिकते. आधीच तडकलेली काच या ओढीने बाहेर पडू शकते, म्हणून काचा बाहेर पडल्या याचा अर्थ स्फोट आत झाला असा काढता येत नाही. लाट समोरासमोर भिंतीवर आदळली की ती परतते आणि भिंतीवरील दाब मूळ दाबाच्या किमान दुप्पट होतो. स्फोटाच्या अगदी जवळ, जेथे दाब प्रचंड असतो, तेथे ही वाढ आठपट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. बाजूच्या आणि पाठीमागच्या भिंतींवर मात्र परतीचा हा वाढीव दाब येत नाही. त्यामुळेच एकाच इमारतीची समोरची बाजू उद्ध्वस्त आणि मागची स्वयंपाकघराची खिडकी शाबूत, असे चित्र दिसते आणि ते पूर्णपणे सुसंगत असते.

अंतराचा नियम अनेकांना आश्चर्यकारक वाटतो. दुप्पट अंतरावर तेवढाच दाब निर्माण व्हायचा असेल तर स्फोटाची ऊर्जा दुप्पट असून भागत नाही, ती आठपट लागते. अंतर ऊर्जेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. उघड्यावर ४० मीटर हे अंतर म्हणूनच बरेच संरक्षण देते, पण ते सरळ आणि मोकळे असेल तरच हा हिशेब लागू पडतो. दोन शेडच्या मधल्या अरुंद बोळातून लाट फारशी पसरत नाही आणि तेथे दाब अपेक्षेपेक्षा जास्त टिकून राहतो. मध्ये एखादी भक्कम इमारत असेल तर तिच्या मागे दाब कमी होतो. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुतच्या बंदरात साठवलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा शेजारच्या काँक्रीटच्या धान्यकोठाराने असाच आडोसा दिला होता.

दाबाचे आकडे किलोपास्कलमध्ये सांगतात. १ किलोपास्कल म्हणजे दर चौरस मीटरला साधारण १०० किलो. ढोबळमानाने, १ किलोपास्कलच्या आसपास काचा तडकू लागतात. साडेतीन ते सातच्या दरम्यान लहानमोठ्या बहुतेक खिडक्या फुटतात. ७ ला साध्या घरांचे अंशतः नुकसान होते आणि ती राहण्यायोग्य उरत नाहीत. १४ ते २० ला सळई नसलेल्या ब्लॉकच्या भिंती फुटतात. आणि ५० च्या आसपास ९ ते १२ इंची विटांच्या भिंतीही कोसळतात. हे आकडे मुख्यतः परदेशी बांधकामावरून आलेले आहेत, त्यामुळे ते पट्टी लावून मोजायचे नसतात. आपल्याकडील ४ इंची भिंत, जिचा वरचा थर तुळईखाली नीट भरलेलाही नसतो, ती यापेक्षा बरीच आधी जाते. काचेच्या बाबतीतही मोठी आणि पातळ काच लहान काचेपेक्षा कितीतरी आधी फुटते. म्हणूनच केवळ ‘सगळ्या काचा फुटल्या’ या वाक्यावरून दाब ठरत नाही. काचेची जाडी, लांबी-रुंदी आणि त्याच भिंतीतील न फुटलेली एखादी काच, ही माहिती हवी. न फुटलेल्या काचेला मी नेहमी फुटलेल्या दहा काचांइतके महत्त्व देतो, कारण फुटलेली काच दाबाची खालची मर्यादा सांगते आणि शाबूत काच वरची.

तुमच्या शटरचा येथे चांगला उपयोग होतो. पत्र्याच्या पट्ट्या किती दबल्या, कडेच्या खाचेतून निसटल्या की खाचच वाकली, हे मोजता येते आणि त्यावरून दाबाचा अंदाज काचेपेक्षा अधिक भरवशाने बांधता येतो. तसेच गेटवरचा फलक, विजेच्या मीटरची पेटी, पत्र्याची पाण्याची टाकी, कूलरची जाळी अशा वस्तू पाहाव्यात. या सर्वांतून निघणारे अंदाज एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक वस्तू ४ किलोपास्कल सांगते आणि तिच्या शेजारची ३० सांगत असेल, तर एकीचे नुकसान स्फोटाने झालेले नाही किंवा ती आधीच कमकुवत होती.

बॉयलरच्या स्फोटाचे स्वरूप थोडे निराळे असते. १० बार दाबाच्या बॉयलरमधले पाणी साधारण १८४ अंश सेल्सिअसला असते. कवच फाटले की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा जवळपास सहावा हिस्सा क्षणात वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की तिचा आकार सुमारे १,६०० पट वाढतो. स्फोटाची खरी ताकद त्या वाफेत असते, आगीत नव्हे, म्हणून अशा जागी काजळीपेक्षा ओल आणि राख जास्त दिसते. भट्टीत साचलेल्या ज्वलनशील वायूंचा स्फोट ही वेगळी घटना आहे. त्यात कवच बऱ्याचदा शाबूत राहते आणि भट्टीची दारे, विटांचे अस्तर व धुराची नळी उडते. यातले काय घडले हे ठरवणे बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकांचे काम आहे, पण त्यांच्या अहवालाची प्रत तुमच्या अभियंत्याला मिळाली पाहिजे, कारण कवच फाटले असेल तर तुमच्या इमारतीवर दाबाखेरीज तुकड्यांचाही मारा झालेला असतो. आडव्या बॉयलरची टोकाची झाकणे आणि कवचाचे मोठे भाग बहुधा त्याच्या लांबीच्या दिशेने उडतात. तुमची इमारत त्या रेषेत येते का हे आधी नकाशावर पाहा. येत असेल तर प्रत्येक खांब आणि तुळई तुकडा लागल्याच्या खुणेसाठी तपासा. असा तुकडा लागला की पुढच्या बाजूला छोटा खड्डा दिसतो, पण काँक्रीटचा मोठा पापुद्रा बऱ्याचदा मागच्या बाजूने सुटतो. तेव्हा खांबाच्या मागे लावलेले कपाट हलवून पाहिल्याशिवाय ‘खांब ठीक’ असे लिहू नये.

आता सांगाड्याकडे. आरसीसी सांगाडा बाहेरच्या मध्यम स्फोटात सहसा टिकतो. खांबाची रुंदी ९ किंवा १२ इंच, त्यामुळे त्यावर थेट येणारा एकूण जोर कमी. लाट त्याला वळसा घालून पुढे जाते. भिंतीचा पृष्ठभाग मात्र मोठा असतो. ती फुटली की दाब आत शिरतो आणि खांबावरचा जोर आणखी घटतो. म्हणून भिंत पडलेली इमारत पाहून घाबरून जाण्याचे कारण नसते आणि भिंत न पडलेली इमारत पाहून निश्चिंत होण्याचेही नसते. ९ इंची भिंत खांबांमध्ये घट्ट भरलेली असून ती न मोडता टिकली असेल, तर तिच्यावर आलेला सगळा जोर खांबांच्या वरच्या आणि खालच्या टोकांना गेलेला असतो. तेथे, म्हणजे तुळईच्या लगेच खाली आणि जोत्याच्या लगेच वर, प्लास्टर काढून तिरके तडे शोधावे लागतात.

सोलापूरच्या मागशेडमध्ये आणखी एक जागा आवर्जून पाहायची असते. भिंत खिडक्यांच्या पट्ट्यापर्यंत भरलेली आणि वर सलग झरोके, अशी रचना येथे सर्रास आहे. खालच्या भिंतीने खांब जखडलेला असतो आणि वरचे दोन-तीन फूटच मोकळे उरतात. त्या आखूड तुकड्यावर सगळी हालचाल एकवटते आणि तेथे खांब कातरला जातो. भूकंपातही हेच दिसते. झरोक्यांच्या पातळीवर इंग्रजी ‘एक्स’सारखा किंवा एका दिशेचा तिरका तडा दिसला, तर त्या खांबावरचा भार लगेच टेकूवर घ्यावा आणि शेडचा तेवढा भाग बंद करावा. अशा तड्याबाबत मी ‘नंतर पाहू’ असे कधीच म्हणत नाही.

स्लॅबची गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण स्लॅब बांधतो तो खाली येणारे वजन पेलायला, त्यामुळे मध्यभागी सळई खालच्या बाजूला असते आणि वरच्या बाजूला बऱ्याचदा काहीच नसते. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला साधारण ३ किलोन्यूटन, म्हणजे ३ किलोपास्कल. खोलीत शिरलेला दाब याहून जास्त झाला, तर स्लॅब काही क्षण वर उचलला जातो आणि ज्या बाजूला सळई नाही त्याच बाजूला ताण येतो. म्हणून छताला खालून पाहणे पुरेसे नसते. वरच्या मजल्याची फरशी खोलीच्या मध्यावर उचलली, फुगली किंवा सांध्यांत फुटली आहे का, हे पाहावे. गच्चीवर तेच वॉटरप्रूफिंगच्या थरात दिसते. खिडकीवरच्या छज्जाचे याच्या उलट असते. त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि भिंतीवर आदळून खालून आलेला दाब त्याला वर ढकलतो, त्यामुळे तडा छज्जाच्या मुळाशी खालच्या बाजूला पडतो. शिडी लावून हाताने तपासल्याशिवाय तो सापडत नाही. गच्चीचा कठडा आणि त्यावरच्या टाकीचा चौथरा हे दोन भाग मुळातच कमकुवत बांधलेले असतात. तेही याच फेरीत बघून घ्यावेत.

शेडच्या छतात उडालेले पत्रे ही एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण पत्रे सुटले तेथून दाब बाहेर पडला. काळजी करायची ती न सुटलेल्या भागाची. पत्रे जे-हुकांनी घट्ट धरले असतील तर वर जाणारा जोर आडव्या पट्ट्यांना आणि त्यांमधून कैचीला, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला, जातो. कैचीचा खालचा दांडा नेहमी ताणात असतो आणि तसाच तो बारीक निवडलेला असतो. जोर उलटा झाला की तो दाबाखाली येतो आणि आडवा वाकतो. डोळ्यांना ही वाक सहज दिसत नाही. दांड्याच्या दोन टोकांत दोरी ताणून पाहावी. कैची ज्या पट्टीवर टेकते तेथील बोल्ट ताणले गेले आहेत का, नट सैल पडला आहे का, भिंतीवरच्या टेकाखालचे काँक्रीट फुटले आहे का, हेही पाहावे. हे होईपर्यंत माग सुरू करू नयेत. मागांच्या सततच्या कंपनाने अर्धवट सुटलेला पत्रा किंवा वीट खाली यायला वेळ लागत नाही, आणि तेथे माणसे उभी असतात.

येथवर आल्यावर तडे पाहायचे. सोलापूर परिसरात भिंतींना तडे जायला स्फोटाची गरज नसते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मुरमापर्यंत न नेलेल्या पायावरची भिंत दरवर्षी थोडीथोडी हलते. हे तडे बहुधा खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरके निघतात, एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला बारीक असतात आणि ऋतूप्रमाणे उघडमीट करतात. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि गच्चीचा स्लॅब प्रसरण पावतो; त्यामुळे वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली आडवा तडा जातो. खांब व विटांची भिंत यांच्या सांध्यातला सरळ उभा तडा तर जवळजवळ प्रत्येक इमारतीत असतो. हे तीनही प्रकार सर्वेक्षकाला ठाऊक असतात आणि त्यांच्याबाबत तो बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे.

मात्र जुना तडा स्फोटाने वाढलेला असू शकतो आणि तेथे ‘जुना की नवा’ हा प्रश्नच अपुरा पडतो. भिंगातून तड्याच्या आत पाहावे. जुन्या भागाच्या कडा झिजलेल्या असतात, आत धूळ, कोळिष्टके, मागशेडमध्ये तर कापसाचा कोंडा आणि कधीकधी आत उतरलेला रंग सापडतो. नवा भाग धारदार आणि आतून स्वच्छ असतो, रंगाचा पापुद्रा तड्यावर ताजा फाटलेला दिसतो. एकाच तड्यात हे दोन्ही भाग सापडले तर नवा भाग कोठे सुरू होतो ती जागा पेन्सिलने खूण करून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. दाव्याच्या दृष्टीने हे छायाचित्र दहा पानी पत्रापेक्षा उपयोगी पडते. स्फोटाने पडलेल्या नव्या तड्यांनाही दिशा असते. स्फोटाकडील भिंत आडवी वाकते, त्यामुळे तिच्या मध्यावर आडवा आणि कोपऱ्यांकडे तिरका तडा पडतो, शिवाय भिंतीला आत पोट आलेले असते. ओळंबा लावला की ते मिलिमीटरमध्ये मोजता येते. स्फोटापासून आडोशाला असलेल्या मागच्या खोलीत, जेथे काचही फुटलेली नाही, तेथे भिंतीत ५ मिलिमीटरचा तडा असेल तर तो स्फोटाचा आहे असे मी लिहून देणार नाही.

विहीर किंवा खडी क्रशरच्या खाणीतील सुरुंगांबद्दलही लोक हेच विचारतात, म्हणून ओघात सांगतो. तेथे हवेच्या दाबापेक्षा जमिनीचे कंपन महत्त्वाचे असते आणि ते जमिनीच्या कणांच्या वेगाने मोजतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी मर्यादा दिली आहे: कंपन ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, आणि त्यावर १५. माणसाला याच्या कितीतरी कमी कंपन जाणवते, त्यामुळे ‘घर हादरले’ ही तक्रार खरी असूनही घराला इजा झालेली नसते. मोजणी यंत्राने करावी. वादातून काही निष्पन्न होत नाही.

तुमच्या वसाहतीत गॅस सिलिंडरही असतील, तेव्हा त्याचाही फरक नोंदवतो. ‘सिलिंडर फुटला’ असे म्हणतात त्या अनेक घटनांत सिलिंडर शाबूत सापडतो. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के असताना ठिणगीने पेटतो. अशा स्फोटात दाब चढायला आणि उतरायला स्फोटक पदार्थांच्या तुलनेत बराच जास्त वेळ लागतो, खड्डा पडत नाही, आणि भिंती चुरा न होता अख्ख्या बाहेर ढकलल्या जातात. वेळ जास्त असल्याने तेवढ्याच दाबाला भिंत आणि स्लॅब अधिक वाकतात. इमारतीचा भाग स्वतःच्या एका झोक्याला जेवढा वेळ घेतो त्याहून जास्त वेळ दाब टिकला तर परिणाम स्थिर भाराच्या दुपटीपर्यंत जातो. लंडनमधील रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत या संदर्भात जगभर शिकवली जाते. १६ मे १९६८ रोजी तिच्या १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, भार वाहणारी बाहेरची भिंत निसटली आणि इमारतीचा एक पूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. ४ जण दगावले. स्फोट फार मोठा नव्हता. एक भिंत गेल्यावर तिच्यावरचा भार जायला दुसरी वाट नव्हती. तुमच्या इमारतीचा अभियंता प्रत्येक खांबापाशी उभे राहून हाच प्रश्न विचारेल: हा गेला तर यावरचे वजन कोठे जाईल?

जुन्या सोलापुरातील दगडमातीच्या वाड्यांना हे सगळे जसेच्या तसे लावू नये. दोन फूट जाडीची भिंत भक्कम दिसते, पण ती दोन पदरांची असते, मध्ये माती आणि दगडांचा भराव. धक्क्याने भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा बाहेरचा पदर आतल्यापासून सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात शेजारच्या लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात अशाच भिंतींनी आणि वरच्या जड माळवदाने माणसे गाडली. अशा भिंतीवर हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे, पोट मोजावे, आणि शंका असेल तर माळवदाला आतून टेकू देऊन घर रिकामे करावे. येथे तडा न दिसणे हा दिलासा धरू नये.

चाचण्यांचा उल्लेख शेवटी करतो, कारण लोक त्यांच्यापासून सुरुवात करतात आणि पैसे वाया घालवतात. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो; स्फोटाने आत पडलेला तडा त्याला कळत नाही. अल्ट्रासॉनिक तरंगांची चाचणी आतली फट दाखवू शकते, म्हणून ती पाहणीत संशयास्पद ठरलेल्या खांबांवर आणि तुलनेसाठी मागच्या बाजूच्या एखाद्या शाबूत खांबावर करावी. तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नसतो. आग लागली असेल तर काँक्रीटचा रंग पाहावा. ३०० अंशांच्या पुढे तापलेले काँक्रीट अनेकदा गुलाबी दिसते, आणि तेथून कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून तपासणे योग्य ठरते. स्लॅबबद्दल शंका उरलीच तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे भारचाचणी घेता येते: पूर्ण स्थायी भाराखेरीज (म्हणजे बांधकामाच्या स्वतःच्या वजनाखेरीज) वापराच्या भाराच्या सव्वापट वजन २४ तास ठेवायचे, काढल्यानंतर २४ तासांत त्या वजनाने आलेला झोक किमान ७५ टक्के परत आला पाहिजे. ही चाचणी खाली टेकू सैल लावून, माणसे बाहेर ठेवूनच घ्यावी. स्फोटरोधक रचनेसाठी आयएस ४९९१ हे १९६८ सालचे मानक आहे, पण ते मुख्यतः नवी रचना करण्यासाठी आहे. त्यातील दाबाची कोष्टके पाहणीत मागे हिशेब करताना उपयोगी पडतात.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझे मत असे आहे. आत दबलेले शटर, फुटलेल्या काचा आणि उभ्या असलेल्या भिंती हे एकत्र पाहता इमारतीवर आलेला दाब खांबांना थेट मोडणारा नसावा, आणि सगळी इमारत पाडण्याचा सल्ला या माहितीवर टिकत नाही. तरीही झरोक्यांच्या पातळीवरचे खांब, कैच्या, छज्जे, कठडा आणि जिना तपासून होईपर्यंत कुटुंबाने वरच्या मजल्यावर राहू नये आणि शेड बंद ठेवावी. पाहणी परवानाधारक संरचना अभियंत्याकडून लेखी करून घ्या. ‘इमारत सुरक्षित आहे’ या एका ओळीचा दाखला स्वीकारू नका. प्रत्येक खांबाला क्रमांक, प्रत्येक तड्याची रुंदी आणि तारीख, आणि कोणता भाग वापरावा, कोणता टेकूवर ठेवावा, कोणता उतरवावा, हे त्यात असले पाहिजे. प्रचलित अग्निविमा पॉलिसींत स्फोटाचा धोका सामान्यतः समाविष्ट असतो, मात्र स्वतःच्या बॉयलरचे त्याच्याच स्फोटाने झालेले नुकसान त्यात सहसा धरत नाहीत. तुमचे नुकसान शेजारच्या बॉयलरमुळे झाले आहे, हा फरक दाव्यात स्पष्ट लिहा. सर्वेक्षक जे तडे जुने म्हणतो त्यांतले खरोखर जुने असलेले तडे स्वतःहून वेगळे दाखवले, तर उरलेल्यांबद्दल तुमचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता वाढते.

वादात राहिलेल्या तड्यांवर आजच काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवून त्यावर तारीख घाला. पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर त्या पुन्हा तपासा. काच फुटली आणि तडा मिटत-उघडत असेल तर तो काळ्या मातीचा आहे, आणि त्याचा उपाय पायाशी व पाण्याच्या निचऱ्याशी करावा लागेल. पट्टी शाबूत राहिली तर तडा थांबलेला आहे, आणि तो भरून काढायला हरकत नाही.